एनडीएचं पहिलं वर्ष: कोकणातल्या पालकांनो, या चुका टाळा

एनडीएच्या, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, यूपीएससी परीक्षेच्या अंतिम यादीत पोराचं नाव आलं की दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागतो. मग शाळेचा सत्कार, ग्रामपंचायतीचा सत्कार, वाडीचा सत्कार, मुंबईच्या मंडळाचा सत्कार. कौतुक व्हायलाच हवं. पण रुजू होण्याआधीचे मोजके आठवडे हारतुऱ्यांत संपतात, आणि खडकवासल्याला पोचलेलं पोर अडतं ते बटण शिवण्यात, झोप आवरण्यात आणि निमूटपणे ओरडून घेण्यात. तीन वर्षांच्या सहा टर्मपैकी पहिल्या दोन अशाच बारीकसारीक गोष्टींच्या असतात. तयारी त्यांची करायची. आणि त्यातली निम्मी आईवडिलांनी स्वतःची करायची.

नुसतं पुळणीवर धावणं

भाट्ये असो, गुहागर असो की तारकर्ली, पहाटे पुळणीवर अनवाणी धावणाऱ्या पोरांचा दम जबरदस्त असतो. पुढे अडचण दमाची येत नाही, हाडांची येते. अकादमीत धावायचं रस्त्यावर, आणि ड्रिल करायचं टणक मैदानावर, जड बुटांत, टाच आपटून. छाती आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. हाडाला नव्या भाराची सवय व्हायला जास्त वेळ लागतो. त्या मधल्या काळात नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. त्यात पुळणीला समुद्राकडे उतार, म्हणजे रोज एकाच दिशेने धावणाऱ्याच्या एका पायावर ताण जास्त.

उपाय साधा आहे, फक्त लवकर सुरू करावा लागतो. आठवड्यातले तीन-चार दिवस बूट घालून डांबरी रस्त्यावर धावायचं, अंतर बेताबेताने वाढवायचं, एक दिवस पूर्ण विश्रांती. नवे बूट घरीच घालून पायात बसवायचे. शेवटच्या पंधरवड्यात “आता जोर लावूया” म्हणून दुप्पट धावणं हा सगळ्यात महागडा उत्साह. नडगी दाबल्यावर एकाच जागी टोचल्यासारखं दुखत असेल आणि बसल्यावरही थांबत नसेल, तर तेलमालीश पुरे झाली. हाडांच्या डॉक्टरकडे जा. दुखणं लांबून बरेच दिवस सराव बुडाला तर कॅडेट एक टर्म मागे पडू शकतो, म्हणजे सरळ सहा महिने.

पोहण्याचंही तसंच. विहिरीत आणि खाडीत वाढलेलं पोर पाण्याला घाबरत नाही, ही मोठी जमेची बाजू. पण डोकं वर काढून हात मारायची सवय तलावातल्या चाचणीत दमवते. पाण्यात श्वास सोडून पोहायला आधीच शिकवून घ्या.

आणि सायकल! ही कुणाच्याच ध्यानात येत नाही. एनडीएत कॅडेट वर्गांना आणि मैदानांवर सायकलने, रांग धरून जातात. आपल्याकडे चढ-उतारांमुळे पोरं हल्ली सायकल सोडून थेट स्कूटरवर बसतात. रांगेत सायकल चालवणं, उतरलेली चेन बसवणं, पंक्चर काढणं ही खरी पूर्वतयारी आहे.

“राहू दे, मी करते”

इस्त्री आईने केली, बूट बाबांनी पुसले, गादी आजीने आवरली. असं पोर पहिल्या टर्मला दिवसभर कुणाची ना कुणाची बोलणी खातं. सीनियर मिनिटांच्या मोजणीवर एक गणवेश उतरवून दुसरा चढवून हजर व्हायला लावतात. कॅडेट त्याला पट्टी परेड म्हणतात. त्यात ज्याची केबिन (खोली) आवरलेली तो सुटतो, बाकीच्यांना रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा. निकाल लागल्या दिवसापासून घरात त्याचं एकही काम दुसऱ्या कुणी करू नये, आणि त्याने केलेली वाकडी इस्त्री दुरुस्तही करू नये. मुलींनाही हेच लागू. २०२२ पासून मुली एनडीएत आहेत, मे २०२५ मध्ये पहिल्या १७ जणी तिथून बाहेर पडल्या, आणि त्यांचं प्रशिक्षण मुलांबरोबरच झालं.

जेवणाचं फार मनावर घेऊ नका. मेसमध्ये भरपूर असतं, वेळ कमी असतो. बांगड्याचा काटा काढत अर्धा तास जेवणाऱ्याने वेग वाढवावा, एवढंच.

पहिला रडका फोन

खरी परीक्षा इथे, आणि ती घरच्यांची. सुरुवातीला मोबाईल जवळ नसतो. फोन येतो तो थोड्या वेळासाठी, आणि कानावर पडतं, “आये, माका हय रवाचा नाय.” यानंतरच्या तासाभरात घरोघरी त्याच तीन चुका होतात. आई त्याच्याहून जास्त रडते. बाबा कुठल्या ओळखीच्या निवृत्त सुभेदारांना किंवा आमदारांना फोन लावतात. आणि मामा रात्रीच्या एसटीने पुण्याला निघतो.

रडणाऱ्या पोराला वाटतं, आपलं दुःख आता घरभर पसरलं, म्हणजे दुप्पट ओझं. वशिल्याचा फोन वर पोचलाच तर तो पुढचे अनेक महिने त्याच्या पाठीला चिकटतो. आणि दारात उभ्या राहिलेल्या मामाला भेट मिळेलच असं नाही. फोनवर फक्त उद्याचं विचारा. “जेवलंस काय? उद्या सकाळी काय आसा?” एवढं पुरतं. सहा महिन्यांचा डोंगर त्याला त्या क्षणी दिसतोच आहे, तो तुम्ही आणखी दाखवू नका. “सोडून ये” नको, आणि “गावात आमचं नाक कापशील” तर नकोच नको. फ्लेक्सचा हाच तोटा: पोराला वाटतं, परतीची वाट आपल्याच फोटोने अडवली आहे.

मात्र सगळंच “होतं तसं” म्हणून सोडूनही देऊ नये. दमणं, ओरडा खाणं, शिक्षेचे फ्रंट रोल (कोलांट्या) वेगळे. मारहाण वेगळी, आणि दुखापत झालेल्याला एमआय रूममध्ये (अकादमीच्या दवाखान्यात) जाऊ न देणं वेगळं. हे ऐकलंत, किंवा आठवडे उलटले तरी झोप-जेवण तुटलेलंच आहे, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं कानावर पडलं, तर वाट पाहू नका. वशिला न शोधता थेट त्याच्या डिव्हिजनल ऑफिसरशी बोला, मग स्क्वॉड्रन कमांडरशी. हे नंबर रुजू होतानाच लिहून घ्या. आणि “सिक रिपोर्ट करू नकोस (आजारी असल्याचं कळवू नकोस), नाव खराब होईल” हा सल्ला देणाऱ्या काकांना त्याच्यापासून दूर ठेवा.

सुट्टीचंही आधीच मनात पक्कं करा. टर्म साधारण जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात, सुट्ट्या डिसेंबरच्या आणि मे-जूनच्या आसपास. म्हणजे शिमगाही टर्मच्या मधोमध आणि गणपतीही. “पाच दिवसांसाठी तरी सोडा” असा अर्ज लिहायला बसू नका. चतुर्थीला फोन आलाच तर आरतीचा आवाज ऐकवून पोराला हळवं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुष्कळ आयांना ते पटत नाही.

“आता अभ्यास संपला”

संपत नाही. एनडीएत जेएनयूची पदवी घ्यायची असते आणि विषय राहिले तरी टर्म मागे जाते. दमलेलं पोर वर्गात पेंगतं, तिथून सुरुवात होते. मराठी माध्यमातल्या मुलांनी गणिताची आणि विज्ञानाची इंग्रजी पुस्तकं त्या रिकाम्या आठवड्यांत वाचायला घ्यावीत.

कागद, पैसे आणि घाट

राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सरकारकडून. खिशातला खर्च आणि रुजू होताना भरायची ठेव मात्र पालकांची. उत्पन्न कमी असेल तर दरमहा मदत मिळू शकते. तो अर्ज निवड झाल्याबरोबर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत एनडीएच्या कमांडंटकडे जातो. ओरोस किंवा रत्नागिरीच्या कचेरीत त्यासाठी वेळ लागणारच, म्हणून सत्काराआधी तिथे जा. बाँड सही करण्यापूर्वी वाचा: मुलाने स्वतःच्या मर्जीने मधेच सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल होऊ शकतो. घरात दम्याचं किंवा फिटचं काही दडवलेलं असेल तर तेही वैद्यकीय तपासणीतच सांगून टाकलेलं बरं.

जुलैची तारीख आली तर दोन दिवस आधी घर सोडा. कुंभार्ली, आंबोली, ताम्हिणी, कुठे कधी दरड येईल सांगता येत नाही, आणि कोकण रेल्वेही पावसाळ्यात वेगळ्या, संथ वेळापत्रकाने धावते. नौदलाच्या केरळमधल्या एळिमला अकादमीत जाणाऱ्यांना पय्यन्नूरपर्यंत याच मार्गाने जावं लागतं, तेव्हा त्यांनी जास्तच मोकळा वेळ ठेवावा. मूळ दाखले प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत घाला. चामड्याचे बूट जूनमध्येच घेऊन कपाटात ठेवलेत तर आठवड्याला एकदा काढून पुसा, नाहीतर निघायच्या दिवशी त्यांवर बुरशीची पांढरी साय असते.