मुंबईकर कुटुंबाने अमेरिकेच्या वाळवंटातून मोटारप्रवास कसा आखावा

मुंबईच्या माणसाला ऊन कळते ते घामाने. नेव्हाडा, युटा आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसायच्या आतच उडून जातो, आणि तहान लागल्यावर पाणी पिण्याची सवय असलेला माणूस दुपारी डोके धरून बसतो. म्हणून माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी गाडीत असल्याशिवाय सकाळी निघू नये आणि मुलांना ते मागण्याची वाट न पाहता पाजत राहावे.

शक्य असेल तर मे महिन्याऐवजी दिवाळीची सुट्टी निवडावी. शेजारच्या कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, यावरून या वाळवंटी भागातल्या उन्हाळ्याची कल्पना यावी. जुलै ते सप्टेंबर या काळात तिथेही पावसाळा असतो आणि तो मिठी नदीच्या पुरापेक्षा फसवा असतो, कारण डोक्यावर निरभ्र आकाश असताना कित्येक मैलांवर पडलेल्या पावसाचे पाणी अरुंद घळीतून अचानक येते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत असेच ११ पर्यटक वाहून गेले. आता तिथे नावाहो (तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या) वाटाड्याशिवाय प्रवेशच मिळत नाही, आणि त्याने ‘परत फिरा’ म्हटले की तिकिटाच्या पैशांचा हिशेब न करता परत फिरावे.

व्हिसा हातात आल्यानंतर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. तो वर्षभर चालतो. मूळ परवाना मात्र सोबत हवाच. भाड्याची गाडी घेताना जो चालवणार त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड लागते. दोन मुले आणि आजी-आजोबा असतील तर सात आसनी गाडी घ्यावी, कारण विमानात माणशी दोन मोठ्या बॅगा नेता येतात म्हणून त्या गाडीच्या डिकीत मावतातच असे नाही.

लास वेगासहून निघून युटातले झायन उद्यान (सुमारे २६० किलोमीटर), तिथून अँटिलोप कॅन्यनजवळचे ॲरिझोनातले पेज गाव, मग नावाहो प्रदेशातली मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम म्हणजे दक्षिण कडा आणि परत लास वेगास, असा सुमारे १,४०० किलोमीटरचा फेरा आठ दिवसांत आरामात होतो. ‘एवढ्या लांब आलोच आहोत’ म्हणून त्यात आणखी दोन उद्याने कोंबण्याचा मोह सर्वांनाच होतो; तो आवरावा. साउथ रिमची उंची सुमारे २,१०० मीटर आहे, म्हणजे आपल्या १,६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षाही जास्त. गाडीतून थेट कड्यापाशी उतरता येत असल्यामुळे हे लक्षात येत नाही, पण ज्येष्ठांना चार पावलांत दम लागतो आणि ऑक्टोबरातही रात्री स्वेटर लागतो.

घड्याळाचा घोळ आधीच समजून घ्यावा. उन्हाळी वेळ (वर्षातले काही महिने घड्याळे तासभर पुढे ठेवण्याची पद्धत) लागू असताना युटा लास वेगासच्या एक तास पुढे असते. ॲरिझोना राज्य उन्हाळी वेळ पाळत नाही, पण त्याच राज्यातला नावाहो प्रदेश पाळतो. त्यामुळे झायनला तास पुढे, पेजला मागे, मॉन्युमेंट व्हॅलीत पुन्हा पुढे आणि साउथ रिमला पुन्हा मागे असा प्रकार होतो. मोबाइल कधी या बाजूच्या तर कधी त्या बाजूच्या मनोऱ्याची वेळ दाखवतो. अँटिलोप कॅन्यनचे आरक्षण करताना वेळ कुठली, हे विचारूनच घ्यावे.

पेट्रोल पंपावर माणूस नसतो. कार्ड घातले की यंत्र पाच आकडी पोस्टल कोड मागते आणि आपला पिनकोड सहा आकडी. आमची पहिल्या पंपावर दहा मिनिटे यातच गेली. सरळ आत जावे, गल्ल्यावर पंपाचा क्रमांक आणि रक्कम सांगावी. तेवढ्याचे पेट्रोल मावले नाही तर उरलेले पैसे परत मिळतात. टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी, कारण पुढचा पंप शंभर किलोमीटरवर असू शकतो आणि मधल्या पट्ट्यात फोनला रेंज नसते. नकाशे आदल्या रात्रीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावेत. गाडी बंद पडलीच तर ती सोडून चालत जाऊ नये. तिच्या सावलीत थांबावे.

डब्यासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा चालतो. मांस, ताजी फळे आणि ताजा कढीपत्ता विमानतळावर काढून घेतात, आणि सोबत खाद्यपदार्थ आहेत हे तिथल्या अधिकाऱ्याला सांगावेच लागते. नावाहो प्रदेशात मद्याला बंदी आहे.

अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. रस्त्यावर हरणे आणि नावाहोंची मोकळी गुरे येतात. म्हणूनच साउथ रिमचा सूर्यास्त पाहायचा असेल तर त्या रात्रीची खोली तिथेच, कित्येक महिने आधी, घेऊन ठेवावी आणि लास वेगासचा शेवटचा ४५० किलोमीटरचा टप्पा सकाळी सुरू करावा.