एकच अक्षर बदलायचं, तेही एकाच कॉपीत: स्टेम सेलमध्ये अनुवंशिक अल्झायमर कसा उभा करायचा

घराण्यात चालत आलेला अल्झायमर तसा फार कमी लोकांना होतो, पण ज्या घरात तो आहे तिथे कितीतरी जणांना चाळिशी-पन्नाशीतच विसरायला व्हायला लागतं, आणि आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला यायची शक्यता निम्मी. कोलंबियाच्या अँटिओकिया भागात एकाच म्युटेशनची (म्हणजे जीनमधल्या एकाच बदलाची) अशी मोठमोठी घराणी आहेत. बिघाड असतो तीन जीनपैकी एकात: एपीपी, प्रेसेनिलिन-१ नाहीतर प्रेसेनिलिन-२. मी इथे प्रेसेनिलिन-१ मधलं एम१४६व्ही नावाचं म्युटेशन घेते, कारण त्यात डीएनएचं फक्त एक अक्षर बदलतं, ए चा जी होतो, बास.

आधी परवानगी. भारतात काम करणार असाल तर संस्थेच्या स्टेम सेल कमिटीकडे प्रपोजल टाका, त्याला वेळ लागतो.

मग सेल. पेशंटचे सेल आणि दुसऱ्या कुणा निरोगी माणसाचे सेल शेजारी ठेवून तुलना केली तर त्या दोन माणसांमधले बाकीचे लाखो फरकही मध्ये येतात आणि दिसतंय ते नक्की कशामुळे हे कळत नाही. म्हणून एकच निरोगी आयपीएस लाईन (मोठ्या माणसाच्या सेलपासून बनवलेल्या स्टेम सेलची पिढी) घ्यायची, केओएलएफ२.१जे सारखी नीट तपासलेली, आणि तिच्यातच क्रिस्परने, म्हणजे डीएनए ठरलेल्या जागी कापून, बदल करायचा.

गाईड, म्हणजे कुठे कापायचं ते कात्रीला सांगणारा आरएनए, निवडताना कट म्युटेशनच्या जितका जवळ तितकं बरं, लांब गेला की बदल आत बसायचं प्रमाण झपाट्याने घसरतं. टेम्प्लेटमध्ये (सेलने कट जोडताना नक्कल करायचा डीएनएचा तुकडा) आणखी एक सायलेंट बदल टाका, म्हणजे प्रोटीन न बदलणारा, मग बदललेली जागा कॅस९ ही क्रिस्परची कात्री परत कापणार नाही. आणि पेशंटमध्ये जीनच्या दोन कॉपींपैकी एकच बिघडलेली असते ना, मग दोन टेम्प्लेट मिसळून द्या, एकात म्युटेशन अधिक सायलेंट, दुसऱ्यात नुसता सायलेंट, म्हणजे काही सेलमध्ये एका कॉपीत म्युटेशन येतं आणि दुसरी निरोगी राहते. ही युक्ती २०१६ मध्ये पाके आणि मंडळींनी दाखवली, आणि मला विचाराल तर या सगळ्या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे.

हे सगळं विजेच्या झटक्याने सेलमध्ये घालतात, त्याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात; त्यानंतर पहिले २४ तास रॉक इनहिबिटर हे सेल जगवणारं रसायन विसरू नका, एकटे पडलेले सेल त्याच्याशिवाय पटापट मरतात. विरळ प्लेट करा आणि थांबा. साधारण १० दिवसांनी मायक्रोस्कोपखाली कॉलनी दिसतात, चांगली कॉलनी घट्ट, कड एकदम स्वच्छ, सेलमध्ये न्यूक्लियस मोठा. कडेला सेल पसरून चपटे झालेत ती सोडून द्या, मोह होतो पण सोडा. उरलेल्या कॉलनी पिपेटच्या टिपने हलकेच खरवडून एकेक वेगळ्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खड्ड्यात) टाका; एका कॉलनीपासून वाढलेले सेल म्हणजे एक क्लोन.

आता तपासणी, इथे घाई करूच नका. आमचा एक क्लोन सिक्वेन्सिंगमध्ये अगदी छान होमोझायगस, म्हणजे दोन्ही कॉपी सारख्याच असलेला, दिसला, आम्ही खूश, दोन महिने न्यूरॉन वाढवले आणि मग कळलं की दुसऱ्या कॉपीचा मोठा तुकडाच उडालाय, सिक्वेन्सिंगआधी डीएनए वाढवणाऱ्या पीसीआरला ती दिसतच नव्हती. म्हणून जवळपासचे एसएनपी, म्हणजे दोन कॉपींमध्ये मुळातच वेगळी असलेली अक्षरं, अजून दोन्ही प्रकारचे आहेत का बघा, कॉपी नंबर मोजा, कॅरिओटाईप करा (क्रोमोसोमची संख्या आणि आकार तपासा), आणि २० नंबरच्या क्रोमोसोमवर डुप्लिकेशन आलंय का ते वेगळं बघा कारण ते सेल भराभर वाढतात आणि बाकीच्यांना मागे टाकतात. प्रत्येक प्रकारचे किमान दोन-तीन क्लोन ठेवा, आणि कंट्रोलही त्याच सगळ्या प्रक्रियेतून गेलेला पण न बदललेला क्लोनच असू दे.

न्यूरॉनसाठी एनजीएन२ हा सेलला न्यूरॉन बनवणारा जीन चालू करा, दोन-तीन आठवड्यांत होतात. मीडिया, म्हणजे सेल ज्यात वाढतात ते द्रव, गोळा करा, एलायझा या अँटिबॉडीच्या चाचणीने अमायलॉइड-बीटा ४० आणि ४२ (एपीपी कापून निघणारे, लांबीने वेगळे तुकडे) मोजा. प्रेसेनिलिन म्हणजे एपीपी कापणाऱ्या कात्रीचं पातं, ते बिघडलं की लांब, चिकट ४२ चा वाटा वाढतो, म्हणून नुसता आकडा न बघता ४२ भागिले ४० बघा, वेलमध्ये सेल कमी-जास्त असले तरी गुणोत्तर फारसं हलत नाही. एका वेलमध्ये ही कात्री (तिचं नाव गॅमा-सिक्रेटेज) अडवणारं औषध डीएपीटी टाका, तिथे दोन्ही खाली यायलाच हवेत, नाही आले तर तुमची एलायझाच गडबडलीय.

प्लाक, म्हणजे पेशंटच्या मेंदूत साठणारे अमायलॉइडचे गोळे, दिसले नाहीत म्हणून घाबरू नका. हे न्यूरॉन वयाने गर्भातल्या बाळाच्या न्यूरॉनसारखे असतात आणि सपाट डिशमध्ये अमायलॉइड मीडियाबरोबर वाहून जातं, प्लाक बघायचेच असतील तर जेलमधलं थ्रीडी कल्चर लावावं लागेल.