नवा भुंगेरा खरंच नवा आहे का?

भुंगेऱ्यांच्या क्लेरिडी कुळावर काम करायला येणारे बहुतेक विद्यार्थी पहिला प्रश्न नावाचा विचारतात. नवीन प्रजातीला नाव कोण देतं, आईवडिलांचं देता येतं का वगैरे. देता येतं. पण नाव हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. समोरचा किडा दीडशे वर्षांपूर्वी कुणी नोंदवून ठेवलेला नाही ना, हे पटवून देण्यातच खरा वेळ जातो.

क्लेरिडी म्हणजे चेकर्ड बीटल. लांबट अंग, त्यावर ताठ उभे केस, पंखांवर लाल, पिवळे, काळे पट्टे. बहुतेकांच्या अळ्या आणि प्रौढ दोघेही शिकारी. झाडाची साल आणि लाकूड पोखरणारे किडे हे त्यांचं मुख्य भक्ष्य. काही तर दिसायला आणि चालायला हुबेहूब मुंगीसारखे. आजवर साडेतीन हजारांच्या आसपास प्रजातींचं वर्णन झालंय आणि त्यातल्या बऱ्याचशा उष्ण कटिबंधातल्या आहेत. पण शिकारी असल्यामुळे ते मुळातच संख्येने थोडे आणि विरळ पसरलेले. पुष्कळ उष्णकटिबंधीय प्रजाती एकाच नमुन्यावरून ओळखल्या जातात त्या यामुळेच.

म्हणून गोळा करताना एकावर समाधान मानू नका. नुकत्याच तोडलेल्या ओंडक्यांवर रात्री टॉर्च घेऊन बसा, फांद्यांखाली पांढरं कापड धरून काठीने झोडपा, प्रकाशसापळा लावा. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या फेरोमोनचं आमिषही चालतं, कारण हे शिकारी भक्ष्याच्या वासाचा माग काढत येतात. मला स्वतःला सगळ्यात भरवशाची वाटते ती जुनी पद्धत: पोखरलेल्या वाळक्या फांद्या बंद खोक्यात भरून ठेवायच्या आणि आतून काय बाहेर पडतं याची वाट पाहायची. वेळ लागतो, पण नर-मादी दोन्ही मिळण्याची शक्यता वाढते आणि तो कुणावर जगतो याचाही अंदाज येतो. गोळा करण्याचा परवाना मात्र आधीच काढा. कागद नसलेल्या नमुन्यावरचा शोधनिबंध चांगली नियतकालिकं घेत नाहीत.

आता जुनं साहित्य. स्पिनोलाचा क्लेरिडींवरचा फ्रेंच ग्रंथ १८४४ चा, त्याच्याच सुमाराचं क्लुगचं जर्मन काम, आणि वाट दाखवायला कॉर्पोरालची १९५० ची सूची. बरंच काही बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट वाचता येतं. लॅटिन वर्णनं दोन-तीन ओळींची असतात: काळा, केसाळ, पंखांवर पिवळा पट्टा. एवढ्यावरून काहीही ठरत नाही. त्यासाठी मूळ नमुना, म्हणजे टाइप, पाहावा लागतो आणि हे टाइप युरोपातल्या संग्रहालयांत विखुरलेले आहेत. क्लुगचे बर्लिनला, स्पिनोलाचा संग्रह ट्यूरिनला. प्रत्यक्ष जाणं जमलं नाही तर क्युरेटरला नेमकं पत्र लिहा. ‘सगळे फोटो पाठवा’ म्हणू नका. कुठल्या नमुन्याचा कुठला भाग, कुठल्या कोनातून हवा ते सांगा. अशा पत्राला उत्तर लवकर येतं.

याच कुळातला एक किस्सा मी नेहमी सांगतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ मध्ये, लात्रेय नावाचा धर्मगुरू बोर्दोत कैदेत होता. कोठडीत त्याला एक लहानसा भुंगेरा दिसला. तो दुर्मिळ आहे असं त्याने तुरुंगाच्या डॉक्टरला सांगितलं, बातमी शहरातल्या निसर्गप्रेमींपर्यंत गेली आणि त्यांच्या खटपटीने लात्रेय सुटला. पुढे १८०२ मध्ये क्लेरिडी हे कुळ त्यानेच स्थापन केलं. तो भुंगेरा नवीन प्रजाती होता असंही कुठेकुठे वाचायला मिळतं. नव्हता. तो होता नेक्रोबिया रुफिकॉलिस, आणि या प्रजातीचं वर्णन फाब्रिसियसने १७७५ मध्येच करून ठेवलं होतं.

रंगावर तर अजिबात विसंबू नका. एकाच प्रजातीत पट्टा रुंद, अरुंद किंवा तुटलेला असू शकतो. आकाराचंही तसंच, अळीला खायला कमी मिळालं की प्रौढ खुजा निघतो. जुन्या लेखकांनी अशा फरकांवरून वेगळी नावं दिली आणि नंतरच्यांना ती रद्द करत बसावं लागलं. त्यापेक्षा शृंगिकेच्या शेवटच्या पेरांचा आकार, डोळ्याची खाच, पंखांवरच्या खड्ड्यांच्या रांगा कुठवर जातात, हे बघा.

आणि नराची जननेंद्रियं बघाच. वाळलेला नमुना कोमट पाण्यात मऊ करायचा, मग पोटाचं टोक बारीक चिमट्याने अलगद सोडवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणात ठेवायचं. स्नायू विरघळतात आणि उरते मधाच्या रंगाची कठीण नळी, तिच्याभोवती टेग्मेनचं आवरण. टेग्मेनच्या टोकाचे दोन कल्ले किती लांब, किती फाकलेले, यावरून वरून जुळे दिसणारे किडे वेगळे काढता येतात. रेखाटन झालं की ती नळी ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत घालून त्याच नमुन्याच्या टाचणीवर खोवायची. ‘नंतर लावू’ म्हणून कुपी बाजूला ठेवली की ती कुणाची हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही. डीएनएसाठी एक पाय पुरतो, पण शंभर वर्षं जुन्या टाइपमधून तुलनेपुरता डीएनए मिळेलच असं नाही. त्यामुळे शरीररचनेच्या अभ्यासाला अजून तरी पर्याय नाही.

नियमांचं थोडक्यात. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती २००० पासून लागू आहे. ही प्रजाती नवीन आहे असं स्पष्ट लिहावं लागतं, टाइप ठरवावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला तेही सांगावं लागतं. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकची, म्हणजे प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीची, नोंदणी आधी करून तिचा उल्लेख निबंधातच हवा. ही सोय २०१२ पासूनची. विशेषण म्हणून दिलेलं नाव जीनसच्या, म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दाच्या, लिंगाप्रमाणे चालवावं लागतं. स्वतःचं नाव देण्याला संहितेत बंदी नाही, पण लोक हसतात.

पॅराटाइप, म्हणजे मूळ वर्णनात टाइपच्या जोडीने नोंदवलेले बाकीचे नमुने, पुरेसे असतील तर सगळे एकाच कपाटात ठेवू नका. दोन-तीन संग्रहालयांत वाटा, नर आणि मादी दोन्ही जातील असं बघा. तुमचं नाव जुन्या कुठल्या नावात विलीन करायला पुढे कुणी निघालाच, तर त्याला निदान नमुना तरी हाताशी मिळेल.