वारसास्थळाची वेबसाइट करताना या चुका टाळा

जुना वाडा डागडुजी होऊन लोकांसाठी खुला होणार असला, की वेबसाइटची आठवण उद्घाटनाच्या आठ-पंधरा दिवस आधी होते. मग पहिल्या पानावर मान्यवरांचे संदेश, फीत कापतानाचे फोटो आणि ड्रोनने काढलेला जड व्हिडिओ. मी केलेल्या एका वाड्याच्या साइटवरही हेच झालं. पहिल्या रविवारी दिंडी दरवाजाशी एक आजोबा फोन धरून उभे होते. व्हिडिओ उघडेना, आणि त्यांना फक्त आतला जिना किती चढा आहे एवढंच बघायचं होतं.

तेव्हापासून पहिलं पान मी घरातून निघालेल्या माणसासाठी करतो. वेळ, तिकीट, पायऱ्या, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, सुट्टीचा वार. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. हे माहीत नसेल तर लांबून आलेल्या कुटुंबाचा अख्खा दिवस वाया जातो. ही माहिती पोस्टरचा फोटो म्हणून चढवू नका. अंधांचा स्क्रीन रीडर ती वाचत नाही, आणि वेळ बदलली तरी पोस्टर नव्याने कोण करणार म्हणून जुनंच राहतं.

नकाशाची पिन नीट विचार करून टाका. सिंधुदुर्ग हा 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या 12 किल्ल्यांपैकी एक. पण त्याच नावाचा जिल्हा आहे आणि कोकण रेल्वेचं स्टेशनही. किल्ला मात्र मालवणसमोर समुद्रात. अशा ठिकाणी पिन किल्ल्यावर नको, होड्या सुटतात त्या धक्क्यावर हवी. पावसाळ्यात होड्या बंद असतात, ते तिथेच, पहिल्या ओळीत लिहा. रायगडचंही तसंच: किल्ला महाडजवळ, जिल्ह्याचं मुख्यालय अलिबागला.

सगळ्यात जास्त हाल होतात ते मराठीचे. जुन्या माहितीपत्रकाचा मजकूर युनिकोडच्या (कुठल्याही फोनवर मराठी नीट दिसावी म्हणून ठरलेल्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये असतो. साइटवर चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरमधून काढा, पण तेवढ्यावर सोडू नका. रफार आणि जोडाक्षरं हटकून बिघडतात, म्हणून ओळन् ओळ डोळ्यांखालून घाला. ‘पायऱ्या’चं ‘पायर्या’ झालंय का, हे मी आधी बघतो. गडकोटांच्या साइटवर हा शब्द पानोपानी येतो, आणि चुकीचा टाइप झाला तर शोधणाऱ्याला सापडतही नाही.

शीर्षकातली शिरोरेषा तुटक दिसते? इंग्रजी मथळ्यासाठी दिलेलं लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, मराठीलाही लागलेलं असतं. ते शून्य करा. वेलांट्या आणि उकार कापले जात असतील तर लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या 1.6 पटीच्या आसपास न्या. ल आणि श हिंदी वळणाचे येत असतील तर पानाच्या कोडमध्ये भाषा ‘mr’ (मराठीची खूण) अशी नोंदवा, आणि मराठी वळण असलेलाच फॉन्ट निवडा. वाड्याची कोरीव तुळई जपायला महिनोन्‌महिने घालवायचे आणि त्याच वाड्याचं नाव तुटक्या अक्षरांत छापायचं, हे मला बघवत नाही.

डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) ट्रस्टच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावावर घ्या, काम करणाऱ्याच्या खात्यावर नको. मुदत संपल्याचा ईमेल त्याच्याकडे जातो, त्याने नंबर बदललेला असतो, आणि वर्षभरात साइट गायब होते. नूतनीकरणाची तारीख कार्यालयातल्या वार्षिक खर्चाच्या वहीत, वीजबिलाच्या शेजारी लिहून ठेवा.