विरजण जपायचं कसं

सोलापुरात मे महिन्यात रात्री विरजण घालून झोपलात, की सकाळी वर निवळ सुटलेली आणि दही दात आंबवणारं. पूर्व भागात राहायला आले तेव्हा शेजारच्या पद्मशाली आजींनी वाटीभर विरजण दिलं होतं. अकरा वर्षं मी तेच चालवतेय. शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, म्हणून त्या वाटीत मला दह्याखेरीजही बरंच दिसतं.

अर्धा लिटर दूध उकळून बोटाला सोसेल इतपत निवू द्या. त्यात विरजण छोटा एकच चमचा, म्हणजे शंभराला एक. पुन्हा तेवढी भरती व्हायला जिवाणूंच्या सहा-सात पिढ्या लागतात. अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ साली १२ चंबूंत ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू वाढवायला घेतले तेही असेच, रोज शंभरातला एक भाग ताज्या द्रवात. तीस हजारांवर पिढ्या गेल्या आणि एका चंबूतले जिवाणू सायट्रेट, म्हणजे लिंबाच्या आम्लापासूनचं संयुग, जे एरवी त्यांना हवेत खाता येत नाही, ते हवेत असतानाही खायला लागले! आपल्या ओट्यावर वर्षाला दोन हजारांवर पिढ्या होतात, आणि कोण पुढे जाणार ते आपला चमचा ठरवतो.

म्हणून विरजण उरल्यासुरल्या आंबट दह्यातून घेऊ नका. दह्यात दोन जिवाणू जोडीनं काम करतात. त्यातला थर्मोफिलस आधी भराभर वाढतो, पण आंबटपणा चढला की दमतो. दुसरा, बल्गेरिकस, मात्र रेटत राहतो. शिळ्यातून रोज चमचा घेतलात तर आंबट सोसणाऱ्यांचंच राज्य. मी मे महिन्यात चार तासांनी डोकावते. दही नुकतं लागलं की वाढण्याआधी वाटीभर काढून फ्रिजमध्ये.

हा थर्मोफिलस न्यूमोनियाच्या जंतूच्या भावकीतला बरं का. पण दुधात पिढ्यान्‌पिढ्या आयतं मिळालं, रोग करायची हत्यारं गळून पडली. त्याची दहातली साधारण एक जनुकं आज नुसती मोडकी पडून आहेत.

आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतो, फरशी हादरते आणि लागता लागता दही फुटतं. म्हणून भांड्याखाली जुन्या सोलापुरी चादरीची घडी. थंडीत तीच वरून गुंडाळते.

एकदा पंढरपूरला आठ दिवस राहिले, परत आले तर विरजण जहाल. टाकलं नाही. सलग तीन दिवस ताज्या दुधात बदललं, दर वेळी लागताक्षणी काढून. चौथ्या दिवशी शेंगाचटणीवर घालण्याजोगं गोडसर दही लागलं. तेव्हापासून एक डबी फ्रीझरमध्ये असतेच.