प्यूटरच्या भांड्यात रुतलेली काचेची वाटी अशी सुटली

लंडनच्या लिबर्टी या दुकानाचं जुनं ट्युड्रिक (त्यांच्या प्यूटर, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूच्या भांड्यांचं नाव) लोणीपात्र, आत हिरव्या काचेची वाटी. वाटी फिरेना, निघेना. कडेच्या फटीत खडूसारखा कडक पांढरा थर, बहुधा साठलेलं जुनं पॉलिश.

साबणपाणी झालं, खोबरेल झालं. ओढाओढीत काठ किंचित वाकला, तेव्हा स्वतःचाच राग आला. (पितळेसारखी चिंच लावू नका. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, आंबटाने डागाळतं.)

शेवटी खिडकी उघडून, गॅसपासून लांब, ड्रॉपरने फटीत व्हाइट स्पिरिट (रंग पातळ करायचं, टर्पेंटाइनसारखं द्रावण) सोडलं. रात्रभर तसंच. सकाळी पुन्हा चार थेंब, मग दात साफ करायचा मेणाचा दोरा फटीत घालून करवतीसारखा गोल फिरवला. पांढरा चुरा बाहेर आला. स्पिरिट पुसून, साबणाने धुऊन, भांडं हाताला सोसेल इतक्याच कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवलं. तापलं की धातू काचेपेक्षा जास्त फुगतो, फट किंचित रुंदावते. उकळतं पाणी नको, जुनी काच तडकते. मग घडी घातलेल्या टॉवेलवर पालथं धरून बुडाला तळहाताने हलके थापटलं. तिसऱ्या थापेला वाटी टॉवेलवर.

वाकलेला काठ तसाच ठेवलाय.