पेटुनिया कोजागिरीनंतर, जिरॅनियम जाळीखाली

नागपुरात पेटुनियाचं बी घाईनं पेरू नका. ऑक्टोबरच्या उन्हात रोपं माना टाकतात, म्हणून मी कोजागिरीनंतरच पेरते. बी खसखशीहूनही बारीक. चिमूटभर कोरड्या रेतीत मिसळून ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) भुरभुरायचं. वर माती अजिबात नको, उगवायला त्याला उजेड लागतो. झारीनं बी वाहून जातं. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवायचा, खालून ओल चढते.

चार-सहा पानांवर कुंडीत लावा. आपली काळी माती एकटी नको, पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग जुनं शेणखत. सुकलेलं फूल बोंडासकट खुडा. नुसत्या पाकळ्या ओढल्या तर झाड बी धरू लागतं.

जिरॅनियम मात्र वर्षानुवर्षं जगतं. थंड देशांत त्याला बर्फापासून जपतात, आपण नवतप्यापासून, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांपासून. मार्चअखेर कुंडी पूर्वेच्या व्हरांड्यात हिरव्या जाळीखाली घ्या, वरची माती सुकली तरच पाणी. गेल्या मे महिन्यात मी मायेनं रोज पाणी घातलं आणि खोड बुडापासून काळं पडलं. फार हळहळले. आता फेब्रुवारीतच चार बोटं लांबीची कलमं वेगळी लावून ठेवते.